घरगुती संगणक अकस्मात बंद पडणे : कारणमीमांसा आणि निदानपद्धती

भोर आणि वेल्हे (ज्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे) या तालुक्यांतील बोलींचे नमुने गोळा करणारा अभ्यासक गावात ध्वनिमुद्रण करतो. परंतु त्याचे प्रतिलेखन आणि वर्गीकरण बहुधा घरच्या संगणकावरच होते. हा संगणक काम चालू असता एकाएकी बंद पडू लागला, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. वयोवृद्ध भाषकाने एकदा सांगितलेली हकीकत पुन्हा तशीच ऐकावयास मिळेल, याची शाश्वती नसते. म्हणून या बिघाडाचे निदान कसे करावे, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

या प्रश्नाचा उलगडा करण्यास आपल्या भाषेतील तीन क्रियापदे उपयोगी पडतात. ‘बंद करणे’ या प्रयोगात कोणीतरी कर्ता असतो. ‘बंद होणे’ यात क्रिया आपोआप घडते. ‘बंद पडणे’ यात बिघाड किंवा खंड सूचित होतो. संगणकाच्या बाबतीतही हे तीन प्रकार वेगळे असतात. कधी प्रणालीने रीतसर आज्ञा देऊन यंत्र बंद केलेले असते. कधी अतिउष्णतेपासून बचाव म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. कधी वीज खंडित झाल्यामुळे ते बंद पडते. तक्रार सांगताना आपण तिन्हींना ‘बंद पडला’ असेच म्हणतो आणि येथूनच निदानाची दिशा चुकते.

पहिला प्रकार ओळखणे सर्वांत सोपे आहे. विंडोज प्रणाली आपल्या घटनांची नोंदवही ठेवते व ती ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये पाहता येते. १०७४ या क्रमांकाची नोंद आढळल्यास यंत्र एखाद्या प्रोग्रामच्या किंवा वापरणाऱ्याच्या आज्ञेने बंद झाले, असे समजावे; प्रणालीचे अद्ययावतीकरण हे त्याचे नेहमीचे कारण होय. याउलट ४१ किंवा ६००८ या क्रमांकाची नोंद असेल, तर यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढेच सिद्ध होते. या नोंदी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर लिहिल्या जातात. त्या घटना सांगतात, कारण सांगत नाहीत, हे विसरू नये.

यानंतर विजेचा विचार करावा. सह्याद्रीच्या अंगाने गेलेल्या तारांवर पावसाळ्यात फांद्या पडतात. लांबच्या वाहिनीच्या टोकाशी पंप चालू झाले की दाब उतरतो. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. म्हणजे प्रवाहाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरे होते. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये साठलेली ऊर्जा पूर्ण भारावर सुमारे १६ ते १७ मिलिसेकंदच पुरावी, अशी अपेक्षा असते. तात्पर्य, एका आवर्तनाएवढा खंडही संगणकास घातक ठरू शकतो. दिवा केवळ लुकलुकतो आणि संगणक मात्र बंद पडतो, याचे कारण हेच.

घरात इन्व्हर्टर असूनही संगणक का टिकत नाही, याचेही उत्तर यातच आहे. साध्या रीतीवर ठेवलेल्या इन्व्हर्टरला बॅटरीकडे वळण्यास याहून अधिक अवधी लागू शकतो. म्हणून यूपीएसची रीत निवडावी अथवा स्वतंत्र यूपीएस जोडावा. यूपीएसची परीक्षा संगणक जोडून करू नये. त्यास एक दिवा जोडावा आणि भिंतीकडील वीज बंद करावी. दिवा लगेच विझल्यास बॅटरी निकामी झाली असे समजावे. लॅपटॉप मात्र चांगल्या बॅटरीवर चालत असतानाही बंद पडत असेल, तर घरच्या पुरवठ्याला दोष देता येत नाही.

उष्णतेचा दोष कालक्रमावरून ओळखू येतो. यंत्र थंड असता नीट चालते, जड काम सुरू केल्यावर काही मिनिटांनी बंद होते, लगेच सुरू केल्यास अधिकच लवकर बंद होते आणि तासाभराच्या विश्रांतीनंतर पुन्हा पूर्ववत् चालते. अनेक प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथवर पोचताना ते आधी आपली गती कमी करतात आणि तरीही उष्णता वाढल्यास यंत्र बंद होते. अशा वेळी वीज पूर्ण तोडून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ कुंचल्याने धूळ काढावी. प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील लेप वाळला असल्यास तो बदलून घ्यावा.

काम जड होताच, तापण्यास अवधी न मिळता यंत्र बंद पडत असेल, तर एसएमपीएसचा संशय घ्यावा. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच त्याची परीक्षा. त्याची पेटी मात्र उघडू नये. वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो. सुरू केल्यापासून चार-पाच सेकंदांतच यंत्र बंद होत असेल, तर चालू-बंद करण्याचे बटण आत अडकले आहे काय, ते पाहावे. कारण ते तितका वेळ दाबून धरणे म्हणजे सक्तीने बंद करण्याची आज्ञाच होय. यंत्र बंद न राहता आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर रॅम किंवा एखाद्या प्रोग्रामचा दोष संभवतो. त्यासाठी आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय काढून टाकावी, म्हणजे निळ्या पडद्यावरील दोषसूचना वाचता येते.

या सर्व परीक्षांत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ‘काल’ आणि ‘काळ’ या शब्दांत एकाच ध्वनीचा भेद आहे, म्हणूनच ल आणि ळ हे मराठीत अर्थभेदक आहेत, असे आपण म्हणू शकतो. धूळ काढली, एसएमपीएस बदलला आणि रॅमही बदलली, तर यंत्र सुधारेल कदाचित. पण दोष कोठे होता ते कळणार नाही, आणि निष्कारण खर्च होईल तो वेगळाच. प्रत्येक वेळी बंद पडण्याची वेळ, चालू असलेले काम, विजेची स्थिती आणि केलेला बदल, अशी चार रकान्यांची टिपणे ठेवावीत.

तथापि कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी सामग्रीची प्रत काढणे अगत्याचे आहे. अर्धवट राहिलेली ‘वेव्ह’ पद्धतीची फाइल शून्य लांबीची दिसली, तरी ती पुसू नये. पुष्कळ प्रोग्राम ध्वनिमुद्रणाची लांबी फाइल मिटताना तिच्या शीर्षभागी लिहितात; तेवढीच नोंद राहून गेली असेल, तर ध्वनी परत मिळवता येतो. दुसरी प्रत त्याच घरात ठेवणेही पुरेसे नाही. पानशेतचे धरण याच वेल्हे तालुक्यातील. ते १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. एका छताखाली ठेवलेल्या दोन प्रती अशा प्रसंगी एकीसारख्याच ठरतात. म्हणून एक प्रत घरी आणि एक विभागात असावी. संगणकाची दुरुस्ती त्यानंतर निश्चिंतपणे करता येईल.