मूळचे कुठले आपण?



जयसिंगपुरात नवा माणूस भेटला की नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला: "मूळचे कुठले?" गंमत अशी की हे गावच राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने शंभर-एक वर्षांपूर्वी वसवलेलं. इथलं जवळपास प्रत्येक घराणं कुठून तरी आलेलं. तरी हंगामात ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या आल्या की आपण त्यांना बिनदिक्कत 'बाहेरचे' म्हणतो. आज हा प्रश्न काही हजार पिढ्या मागे नेऊन पाहू.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'मूळ' म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो: सुरुवात कुठे झाली आणि हक्क कोणाचा. पहिला प्रश्न पुराव्याचा, दुसरा न्यायाचा. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षं सांगत आलो. बाहेर मात्र दोन्ही उत्तरं एकाच पोत्यात भरून विकली जातात.

आता पुरावा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक. त्याच प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५४ पासून जे शोधलं, त्यात दगडी हातकुऱ्हाडी होत्या, काही लाख वर्षांपूर्वीच्या. त्या घडवणारे आपले पूर्वज का? बहुधा नव्हेत. आपली प्रजाती, होमो सेपियन्स, आफ्रिकेत घडली. तिचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. नेवाशाच्या कारागिरांची हाडं मिळालेली नाहीत. त्या जुन्या मानवांपैकी भारतात ठळक अवशेष एकच, नर्मदेकाठच्या हथनोऱ्याची कवटी. ती १९८२ मध्ये अरुण सोनकियांना सापडली. म्हणजे प्रवरेचे 'मूळ रहिवासी' शोधायला निघालो, तर आपल्या जातीचेही नसलेले कोणी तरी भेटतात!

सेपियन्स आफ्रिकेबाहेर आधीही डोकावले होते, पण आज जगभर पसरलेल्यांची मुख्य लाट साधारण ६० ते ७० हजार वर्षांपूर्वीची मानतात. "एवढं अंतर माणसं चालली कशी?" असं लोक विचारतात. हिशेब करा ना. आफ्रिकेच्या टोकापासून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणापर्यंत ढोबळमानाने सात हजार किलोमीटर धरू. एका पिढीने जयसिंगपूर ते कोल्हापूर एवढाच, चाळीसेक किलोमीटरचा, मुक्काम हलवला तर १७५ पिढ्या पुरतात. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर साडेचार हजार वर्षंही लागत नाहीत. प्रवासाला निघालोय असं त्यांच्यातल्या कोणालाच वाटलं नसेल. शिकार पांगली, पाणी आटलं, भावाशी पटेना, म्हणून पलीकडच्या ओढ्यावर गेले, इतकंच.

काळ ठरवणं मात्र सोपं नाही. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, कुकडीच्या काठी, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत दगडी हत्यारं. आपल्या सह्याद्रीचे ज्वालामुखी तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. ही राख आली सुमात्रातल्या टोबाहून. एका मोजणीने तिचं वय निघालं १४ लाख वर्षं, दुसरीने ६ लाख ७० हजार, आणि काहींच्या मते ती टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. राख तीच, उत्तरं तीन. आणि वय बदललं की हत्यारांचा कर्ताही बदलू शकतो. ज्यांना विज्ञानात वाद दिसला की ते खोटं वाटू लागतं, त्यांनी बोरी जरूर समजून घ्यावं. इथे मोजमापाची पद्धत उघड आहे, म्हणून तर भांडता येतं.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण्याला सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. आडव्यातिडव्या रेघा कोरलेलं एक कवचही. खानदेशात शहामृग! तो गेला, माणूस राहिला. हे मणी करणारे मात्र आपलेच.

पुढेही येणं थांबलं नाही. इराणकडच्यांशी नातं असलेले लोक मिसळले, मग मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातले पशुपालक. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतात ही सरमिसळ जोरात होती. पुढे गट आपापसांतच लग्नं करू लागले. भारतातला आपला मुक्काम साठ हजार वर्षांचा धरून तो एका दिवसात बसवला, तर जातीची ही कुंपणं रात्री अकरा वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास पडली. त्यांना 'अनादि' म्हणणाऱ्यांनी घड्याळ पाहावं.

एक चिठ्ठी आली आहे: "डीएनए तपासणीत आमच्या घराण्याचं मूळ कळेल का?" कोणतं घराणं, ते आधी ठरवा. दहा पिढ्या मागे, म्हणजे पेशवाईत, तुमच्या वंशवृक्षात १,०२४ जागा होतात. आडनाव आलं त्यांतल्या एकाकडून. आईकडून जाणारा मायटोकाँड्रियाचा धागा पोहोचतो दुसऱ्या एकीपर्यंत. उरलेल्या १,०२२ जागांवर कोण कोण होतं, याची नोंद तुमच्या कुळाच्या वहीत नाही.