सामना परगावी, भोजन कोठे?

परगावी सामना खेळावयास निघालेल्या एखाद्या कबड्डी वा खो-खो संघाच्या सामानाची यादी पाहिली, तर तीत गणवेश, बूट, गुडघ्याच्या पट्ट्या, मलम, शिटी, इतकेच काय पण सुईदोराही आढळतो. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता या बारा-पंधरा तोंडांना ऊन न्याहारी कोण घालणार, या प्रश्नाचे उत्तर त्या यादीत बहुधा नसते. ते उत्तर स्टेशनाबाहेर पडल्यावर आणि पोटात कावळे ओरडू लागल्यावर शोधावयाचे, असा आपल्याकडे प्रघातच पडून गेला आहे. मग ज्याची पाटी सर्वांत मोठी त्या उपाहारगृहात संघ शिरतो. रात्री अकराला तिखट रस्सा, तळलेले पदार्थ आणि बर्फ घातलेले सरबत यांचा समाचार घेतला जातो. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या डावातच चढाई करणाऱ्या गड्याची पावले जड पडली, म्हणजे दोष पंचांच्या माथी मारला जातो.

ही गोष्ट केवळ शाळा-तालमींच्या संघांची आहे असे मात्र कोणी समजू नये. १९७० साली मेक्सिकोमध्ये भरलेल्या फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेस इंग्लंडचा संघ जगज्जेता म्हणून गेला होता. परमुलखातील अन्नाची धास्ती घेऊन त्यांनी आपले खाणेपिणे स्वदेशातून बरोबर नेले होते. त्यातील मांस गुरांच्या साथीच्या भीतीने मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांनी देशात येऊ दिले नाही. एवढी खबरदारी घेऊनही उपान्त्यपूर्व सामन्याच्या तोंडावर त्यांचा विख्यात गोलरक्षक गॉर्डन बँक्स पोटाच्या विकाराने अंथरुणास खिळला. १४ जून रोजी लेऑन शहरी पश्चिम जर्मनीविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेऊनही इंग्लंड ३-२ असे पराभूत झाले. बँक्स असता तर काय झाले असते, हा वाद त्या देशात पुढे कित्येक वर्षे रंगला.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. २००६ च्या मे महिन्यात लंडनच्या टॉटनहॅम संघातील दहा खेळाडू साखळीच्या अखेरच्या सामन्याच्या आदल्या रात्री आजारी पडले. सामना हरला, आणि त्यासवे युरोपातील श्रेष्ठ स्पर्धेचे प्रवेशद्वारही त्या वर्षापुरते मिटले. ज्या हॉटेलात संघ उतरला होता तेथील लझान्या नामक इटालियन पक्वान्नावर सर्वांनी आळ घेतला. पुढे तपासणीत अन्न निर्दोष ठरले व एका विषाणूचा संसर्ग निष्पन्न झाला. असला विषाणू एकाच्या हातून दुसऱ्याच्या ताटात सहज जातो. तेव्हा भोजनगृहाची परीक्षा करताना स्वयंपाकघराइतकीच हात धुण्याच्या जागेचीही परीक्षा करावी लागते. मोरीवर साबण नाही, नळास पाणी नाही आणि पुसावयास एकच ओला टॉवेल सर्वांसाठी टांगलेला आहे, अशा ठिकाणची कितीही नामांकित मिसळ खेळाडूने सामना संपेपर्यंत दुरूनच वंदन करण्याजोगी समजावी.

मुळात ‘चांगले ठिकाण’ या शब्दाचा अर्थच प्रवासी खेळाडूसाठी निराळा आहे. सहकुटुंब सहलीस निघालेला गृहस्थ चव, नावीन्य आणि बैठक पाहतो. खेळाडूस वेळ, ताजेपणा आणि ओळखीचे अन्न ही तीन पाहावी लागतात, आणि चव चौथी. वेळेचे कारण शरीरशास्त्रात आहे. भात, पोळी, पोहे, बटाटा यांतील पिष्टमय अंश पचून स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साठतो, आणि धावपळीच्या खेळात मुख्यतः हाच साठा खर्ची पडतो. भरपेट जेवण जठरातून पुढे सरकण्यास तीन-चार तास सहज लागतात. तुपातेलाने माखलेले असेल तर अधिकच. म्हणून सामना सकाळी दहाचा असेल तर मुख्य न्याहारी साडेसहाच्या सुमारास उरकावयास हवी, आणि नंतर फार तर एखादे केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू. आता सकाळी साडेसहाला ऊन अन्न कोठे मिळते? झगमगीत उपाहारगृहाचा आचारी त्या वेळी निजलेला असतो. उघडी असतात ती उडुप्यांची हॉटेले, एस.टी. स्थानकाजवळचे पोह्या-उपम्याचे गाडे आणि गिरण्या-कारखान्यांच्या पाळ्यांवर जाणाऱ्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी. उडुप्याची इडली हे तर खेळाडूचे आदर्श अन्न म्हणावयास हरकत नाही: वाफेवर शिजलेली, तेलाचा थेंब नसलेली आणि डोळ्यांदेखत भांड्यातून निघालेली. तिच्याजवळची खोबऱ्याची ओली चटणी मात्र केव्हा वाटली हे ठाऊक नसेल, तर सांबारावर भागवावे.

ताजेपणाची पारख थोडी अवघड आहे. शिजलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सियस या उष्णतामानात पडून राहिले, की त्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते. कोमट अन्न म्हणूनच थंड अन्नाहूनही अधिक घातक. भाताविषयी विशेष सावध राहावे लागते. शिजलेला भात बाहेर तसाच राहिल्यास त्यात एका जंतूचे असे विष तयार होऊ शकते, की ते पुन्हा ऊन केल्यानेही नष्ट होत नाही. घरी आईच्या हातचा फोडणीचा भात कोणाला प्रिय नसतो? पण अनोळखी हॉटेलातील फोडणीचा भात म्हणजे आदल्या रात्रीच्या पातेल्याचा इतिहास असतो, आणि तो इतिहास सांगावयास कोणी तयार नसते.

येथे एक साधा आडाखा उपयोगी पडतो. जेथे माणसांची ये-जा अखंड असते तेथे अन्न पडून राहावयास सवडच मिळत नाही. याउलट जेथे पदार्थांची यादी दहा पानी आणि गिऱ्हाइके तीन, तेथे त्या दहा पानांतील बहुतेक पदार्थ शीतपेटीत वाट पाहत असतात हे उघड आहे. एक भाजी, एक उसळ, आमटी, भात, पोळी आणि ताक एवढेच देणारी, परंतु बारा ते दोन या वेळात पंगतीवर पंगत उठणारी खानावळ अशा कसोटीस बहुधा उतरते. परवाना दर्शनी भागी लावलेला असावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक त्यावर असतो. परवाना म्हणजे स्वच्छतेची हमी नव्हे, पण तोही ज्यास लावता आला नाही त्याजकडून पुढची अपेक्षा काय करावी?

अलीकडे मोबाईलवर प्रत्येक उपाहारगृहास किती तारे मिळाले आहेत हे पाहून जाण्याची रीत पडली आहे. ती सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु ते तारे बहुधा सुटीच्या दिवशी सायंकाळी निवांत जेवून आलेल्या मंडळींनी दिलेले असतात. आडवारी पहाटे तेथे चूल पेटते की नाही, बारा जणांस एकदम बसावयास जागा आहे की नाही, हे त्या ताऱ्यांत दिसत नाही. त्यापेक्षा यजमान शाळेचे व्यायामशिक्षक, गावातील तालमीचे वस्ताद, सरकारी रुग्णालयातील परिचारिका किंवा वसतिगृहात राहणारे विद्यार्थी यांस विचारावे. ही मंडळी रोज जेवतात, एकदाच नव्हे. आणि ज्या ठिकाणी पोट बिघडते तेथे माणूस दुसऱ्या महिन्याचे पैसे भरीत नाही. रिक्षावाल्याचा सल्ला मात्र त्याला दारात पोहोचविण्याबद्दल काही मिळते किंवा कसे, याचा अंदाज घेऊन मगच मानावा.

शहाणा संघव्यवस्थापक आदल्या संध्याकाळीच अशा खानावळीत एकटा जेवून येतो. मावशींना किंवा अण्णांना संख्या, वेळ आणि ‘तिखट बेताचे, तेल कमी’ एवढे सांगून थोडे पैसे आगाऊ ठेवतो. एवढ्याने निम्मी चिंता मिटते, कारण खानावळवाल्यासही तीन डझन पोळ्यांची अचानक मागणी आली म्हणजे काल उरलेल्यांची आठवण होणे स्वाभाविकच आहे.

ओळखीचे अन्न हा तिसरा मुद्दा प्रांत बदलला म्हणजे विशेष जाणवतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिबिरास गेलेल्या कोकणातील मुलास भाताची आठवण छळते, तर सोलापूरच्या भाकरीवर पोसलेल्या गड्यास चेन्नईत तिन्ही त्रिकाळ भात खाऊनही जेवल्यासारखे वाटत नाही. कोलकात्याच्या मोहरीच्या तेलाचा वास प्रथम दिवशी अनेकांस सोसत नाही. यांत ते अन्न वाईट आहे असा अर्थ मुळीच नाही. त्या मुलखाचे खेळाडू त्याच अन्नावर विजय मिळवितात. परंतु नव्या अन्नाची ओळख सामन्याच्या दिवशी करून घेऊ नये. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे, गूळ-शेंगदाणे यांची एक पिशवी बरोबर असली, की साधा वरणभात कोठेही घरचा होतो. वजनगटात खेळणाऱ्या मल्लांची कथा मात्र उलटी. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम कुस्तीच्या सकाळी पन्नास किलोच्या मर्यादेवर अवघे शंभर ग्रॅम भरली आणि बाद झाली. अशांना ‘हवे तितके वाढू’ म्हणणाऱ्या प्रेमळ यजमानासारखा दुसरा शत्रू नाही.

आता एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. संघास अन्न कोठे मिळते याबरोबरच ते सर्वांस सारखे मिळते किंवा नाही, हाही प्रश्न या महाराष्ट्रात एके काळी होता. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले असामान्य गोलंदाज पुण्याच्या हिंदू संघातून खेळत. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. परंतु चहाच्या सुटीत त्यांचा चहा बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात दिला जाई. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खावयासही हवे, असे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या क्रिकेटपटूंस स्पष्ट बजावले होते. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले, आणि त्यांचे बंधू विठ्ठल पुढे, १९२३ साली, हिंदू संघाचे नायक झाले. म्हणून भोजनगृह निवडताना सर्व संघ एका पंगतीत, एकाच प्रकारच्या ताटावर बसू शकेल अशीच जागा निवडणे हे केवळ सोयीचे नसून आवश्यक आहे. शाकाहारी-मांसाहारी हा भेद एका टेबलावर सांभाळता येतो. त्यासाठी संघाच्या दोन टोळ्या करून दोन रस्त्यांना पाठविण्याचे कारण नाही. या दृष्टीने नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा लंगर किंवा शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद यांची आठवण होते. तेथे नवखा, जुना, राखीव, कर्णधार सारेच एका ओळीत बसतात, आणि अन्न साधे व ऊन असते.

स्पर्धा भरविणाऱ्यांनी भोजनाची व्यवस्था केली असली, तरी व्यवस्थापकाने डोळे मिटून बसू नये. २०२२ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथे सतरा वर्षांखालील मुलींच्या कबड्डी स्पर्धेत खेळाडूंसाठी शिजविलेला भात शौचगृहात ठेवलेला आढळला. ती चित्रफीत देशभर फिरली आणि जिल्ह्याचा क्रीडाधिकारी निलंबित झाला. त्या मुलींपैकी कोणी चित्रण केले नसते, तर तोच भात मुकाट्याने पोटात गेला असता. याच्या शेजारी १९४८ चे लंडन ठेवून पाहावे. महायुद्धाने पोळलेल्या त्या शहरात नागरिकांस शिधा मोजून मिळत होता. तरीही ऑलिंपिकच्या खेळाडूंना गोदी व खाणीतील कामगारांइतका वाढीव शिधा देण्यात आला, आणि अनेक देशांच्या संघांनी आपापला साठा बरोबर आणला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेथेच फ्लायवेट गटात सहावे आले. टंचाई निराळी आणि अनास्था निराळी. संघास स्वयंपाकाची जागा दाखवा असे म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार पहिल्या जेवणाआधीच बजावावा. चौथ्या दिवशी बजावल्यास तक्रार ठरते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर मोहोरबंद बाटली अथवा उकळून निववलेले पाणी, आणि बर्फ नाही. उसाच्या रसाचे वेड सामना संपेपर्यंत आवरावे. दिवसात दोन सामने असतील, तर मधल्या वेळेची शिदोरी, म्हणजे केळी, उकडलेले बटाटे आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, सकाळीच खानावळीतून बांधून घ्यावी. कारण मैदानाभोवती त्या वेळी मिळतात ती भजी आणि वडे.

अंतिम सामना आटोपल्यावर मात्र हे सारे नियम सैल सोडावयास प्रत्यवाय नाही. कोल्हापूरला गेलेल्या संघाने तांबडा-पांढरा रस्सा चाखल्यावाचून, किंवा नागपूरला गेलेल्याने सावजीची धग अनुभवल्यावाचून परतावे, असे कोणीच म्हणणार नाही. फक्त परतीची गाडी रात्रीची आणि डब्यातील शौचगृहे दोनच बाजूंना आहेत, एवढे ध्यानात ठेवून वाढून घ्यावे.