भित्र्या कुत्र्याची हवीहवीशी भीती

ओसाड माळरानावर एकच घर. रात्रीची वेळ. अंगणात एक उंच, हडकुळी आकृती येऊन उभी राहते आणि पोकळ, कण्हल्यासारख्या आवाजात आपला चोरीला गेलेला शिलालेख परत मागते. घरात तिघंच: मायाळू म्हातारी म्युरिएल, तिचा खवचट नवरा युस्टस आणि करेज नावाचा गुलाबी, कमालीचा भित्रा कुत्रा. ‘करेज द कावर्डली डॉग’ या मालिकेच्या पहिल्या पर्वातला रॅमसिस राजाच्या शापाचा हा भाग पाहून अनेक मुलांनी पांघरुणात तोंड खुपसलं असेल. आज ती मुलं तिशीत आहेत. तोच भाग ती मुद्दाम शोधून पाहतात, मित्रांना पाठवतात आणि त्या आकृतीचं चित्र टी-शर्टवर मिरवतात.

पाहताना जे नकोसं झालं होतं, तेच आता हवंसं का वाटावं? मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांच्याकडे या प्रश्नाची बरीच उत्तरं आहेत. त्यांतली काही ‘आमच्या लहानपणी काय कार्टून्स होती!’ म्हणणाऱ्यांना फारशी रुचणार नाहीत.

आधी या कुत्र्याची कुळकथा. अमेरिकी अॅनिमेटर जॉन डिलवर्थ यांनी १९९६ मध्ये ‘द चिकन फ्रॉम आउटर स्पेस’ हा लघुपट केला. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार मात्र वॉलेस आणि ग्रोमिट या जोडीच्या ‘अ क्लोज शेव्ह’ला गेला. त्याच लघुपटातून नोव्हेंबर १९९९ मध्ये कार्टून नेटवर्कवर मालिका सुरू झाली आणि नोव्हेंबर २००२ पर्यंत तिचे ५२ भाग झाले. ही वाहिनी भारतात १९९५ पासून दिसत होती, त्यामुळे कॅन्सासमधल्या त्या माळरानावरचं घर मराठी घरांतल्या दिवाणखान्यांतही पोचलं. दात विचकून हसणारा, समोर दिसेल त्याचे केस भादरण्याची अनावर ओढ असलेला म्युरिएलचा भाचा फ्रेड. करेजच्या आईवडिलांना रॉकेटमध्ये घालून अवकाशात धाडणारा जनावरांचा डॉक्टर. आज हे भाग एखाद्याला सांगून पाहावेत. लहान मुलांच्या मालिकेत असं काही होतं, यावर ऐकणारा चटकन विश्वास ठेवत नाही.

पण करेज एकटा नव्हता. त्याच्या आधी ‘रेन अँड स्टिम्पी’ (१९९१) आणि ‘आह! रिअल मॉन्स्टर्स’ (१९९४) होत्या, त्याच्यामागून ‘इनव्हेडर झिम’ (२००१) आली. त्याहून मागे गेलं तर सोज्वळ समजल्या जाणाऱ्या डिस्नेच्या ‘पिनोकिओ’त (१९४०) खोडकर मुलाचं किंचाळत गाढव होतं आणि ‘डंबो’त (१९४१) दारूच्या अमलाखाली गुलाबी हत्तींचा भयाण नाच चालतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१४ च्या नाताळ अंकात संशोधकांनी १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’पासून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे, सर्वाधिक कमाई केलेले ४५ बालचित्रपट घेऊन त्यांची मोठ्यांच्या चित्रपटांशी तुलना केली. कार्टूनमधल्या महत्त्वाच्या पात्रांना मरणाचा धोका मोठ्यांच्या चित्रपटांतल्या पात्रांच्या अडीचपट निघाला. नाताळ अंकाची खुमासदार शैली बाजूला ठेवली, तरी आकडेमोड खरी होती.

अशी दृश्यं इतकी घट्ट का रुतून बसतात? भीती वाटली की शरीरात अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं स्रवतात आणि मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाचं काम वाढतं. हा भाग स्मृती साठवणाऱ्या शेजारच्या भागांना जणू बजावतो की हे नीट जपून ठेवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन इथल्या लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे एका साध्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी लोकांना पारदर्शिकांच्या मदतीने एक गोष्ट दाखवली. काहींच्या वाट्याला मुलाला भीषण अपघात होतो अशी गोष्ट आली, तर काहींच्या वाट्याला तीच चित्रं पण साधी, बिनघोर गोष्ट. काही जणांना आधी प्रोप्रॅनोलॉल हे अॅड्रेनालिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं होतं. आठवड्यानंतर विचारलं, तेव्हा औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग जास्त चांगला आठवत होता. औषध घेतलेल्यांच्या बाबतीत हा फायदा नाहीसा झाला होता. साध्या गोष्टीच्या आठवणीवर मात्र औषधाचा परिणाम दिसला नाही. दुपारच्या शेकडो निरुपद्रवी कार्टून्समधून रॅमसिस तेवढा लक्षात राहतो, त्याचं कारण असं रासायनिक आहे.

आठवण ठळक असते म्हणून ती बिनचूक असतेच असं नाही. अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’वर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक छोटी चित्रफीत दाखवली जायची. खोलीतल्या एका मुलीला भिंतीच्या भेगांमध्ये उंट, माकड, कोंबडी दिसतात, आणि मग भेगांचाच एक भेसूर धनी प्रकट होतो. चित्रफीत दिसेनाशी झाली, पण ती पाहून भेदरलेली मुलं मोठी होऊन कित्येक वर्षं तिचा शोध घेत राहिली. हे आपण खरंच पाहिलं की तापात स्वप्न पडलं, अशी अनेकांना शंका होती. २०१३ मध्ये ती सर्वांना पाहायला मिळाली तेव्हा ती फीत खरी असल्याचं सिद्ध झालं. दीड-दोन मिनिटांचा तो तुकडा मनात मात्र केवढा तरी मोठा झाला होता.

यातलं नेमकं काय अंगावर काटा आणतं? जपानी यंत्रमानव संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं की बाहुली किंवा यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतशी त्याबद्दलची आपुलकी वाढते; पण ते जवळजवळ माणूस वाटू लागलं की आपुलकी एकदम दरीत कोसळते. हे का होतं, याचं एक स्पष्टीकरण विसंगतीचं आहे. एकाच चेहऱ्यात खऱ्यासारखे डोळे आणि खोटी त्वचा अशी सरमिसळ झाली की मेंदूला त्याचं वर्गीकरण जमत नाही. डिलवर्थ यांच्या मालिकेत ही सरमिसळ ठासून भरलेली आहे. सपाट, हाताने काढलेल्या पात्रांच्या दुनियेत रॅमसिस संगणकावर घडवलेला, त्रिमितीय येतो. त्या जगात त्याला जागाच नाही, आणि भीती तिथूनच सुरू होते.

इथे एक गोम आहे. मिशिगन विद्यापीठातल्या किम्बर्ली ब्रिंक आणि सहकाऱ्यांनी ३ ते १८ वर्षांच्या २४० मुलांना वेगवेगळे यंत्रमानव दाखवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, साधारण नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना माणसासारखा दिसणारा यंत्रमानव यंत्रासारख्या दिसणाऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटला नाही. ती शिरशिरी त्याहून मोठ्या मुलांत दिसली.

लहानांची भीती वेगळी असते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअॅन कॅन्टर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती या विषयावर अनेक वर्षं काम केलं. १९८५ च्या एका प्रयोगात मुलांना एका म्हातारीची दृश्यं दाखवली गेली. कुठे ती आजीसारखी गोड, तर कुठे चेटकिणीसारखी कुरूप. आणि दोन्ही रूपांत कधी प्रेमळ, कधी दुष्ट. तीन ते पाच वर्षांची मुलं तिच्या रूपावर जास्त गेली, नऊ-दहा वर्षांची मुलं तिच्या वागण्यावर. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला करेजच्या गोष्टीतला आशय हलवत नाही, दात हलवतात. आईवडील गमावलेल्या पिल्लाचं एकटेपण, वृद्ध जोडप्याचं तुटक नातं, माळरानाची उदासी हे सगळं आपल्याला आज जाणवतं. आज जाणवलेला हा भयाणपणा आपण नकळत तेव्हाच्या आठवणीच्या खात्यावर जमा करतो.

भीतीइतकीच या मालिकांतली अतर्क्यताही ओढ लावते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये ११ महिन्यांच्या बाळांना भिंतीतून आरपार गेल्यासारखा वाटणारा चेंडू दाखवला. नंतर तो हाती दिल्यावर बाळं तो आपटून बघू लागली. हवेत तरंगल्यासारखी वस्तू दाखवली, तर ती खाली टाकून बघू लागली. नियम मोडलेला दिसला की त्यामागचं कारण शोधायचं, ही वृत्ती बोलता येण्याआधीच असते.

पण अतर्क्याची किंमतही मोजावी लागते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अँजेलिन लिलार्ड यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांना तीन गटांत विभागलं. एका गटाने नऊ मिनिटं ‘स्पंजबॉब’ पाहिला, दुसऱ्याने वास्तवाला धरून असलेलं संथ कार्टून, तिसऱ्याने चित्रं रंगवली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत स्पंजबॉबवाल्या मुलांची एकाग्रता आणि संयम इतरांहून कमी भरला. २०१५ च्या पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की दोष कार्टूनच्या वेगापेक्षा त्यातल्या अशक्य घटनांचा जास्त असावा. हा परिणाम दीर्घकाळ टिकतो, असं मात्र या प्रयोगांतून सिद्ध झालेलं नाही.

मग या सगळ्यात मजा कुठून येते? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पॉल रोझिन यांनी आधी मिरची खाण्याचा अभ्यास केला होता. तोंड पोळतंय, पण इजा होत नाहीये हे कळल्यावर त्या पोळण्याचीच चटक लागते. ठेच्याशिवाय भाकरी न जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. भीतीलाही हेच लागू पडतं, पण प्रमाण सांभाळून. डेन्मार्कमधल्या ऑरहुस विद्यापीठाच्या संशोधकांनी वायले गावातल्या एका भुताच्या घरात ११० जणांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही, मधल्यांना सर्वांत जास्त आली.

आणि मग आठवण येते ती कुणाची? १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्मरणरंजन हा रोग मानला होता, परदेशी नोकरी करणाऱ्या स्विस सैनिकांना जडणारा. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे टिम विल्डशुट आणि कॉन्स्टन्टाइन सेडिकिडीस यांनी २००६ मध्ये लोकांच्या अशा आठवणी तपासल्या, तेव्हा चित्र वेगळं निघालं. या आठवणींच्या मध्यभागी स्वतः सांगणारा असतो, पण भोवती जवळची माणसं असतात. अनेक आठवणी काहीतरी वाईट घडण्यापासून सुरू होऊन चांगल्यात संपतात. आणि त्या दाटून येतात त्या बहुधा मन खट्टू असताना, एकटं वाटत असताना.

करेजच्या गोष्टीची बांधणी थेट या साच्यातली आहे. संकट येतं, कुत्रा किंचाळतो, तरीही थरथरत पुढे होतो, आणि साधारण ११ मिनिटांत म्युरिएलची मांडी बहुतेक वेळा पुन्हा मिळते. पाहणाऱ्या मुलाच्या शेजारीही भाऊ-बहीण असायची, आतून फोडणीचा वास यायचा. दूरदर्शनवर १९८५ मध्ये ‘विक्रम और बेताल’ पाहिलेल्या किंवा ‘चांदोबा’तलं शंकर यांचं खांद्यावरच्या प्रेताचं चित्र डोळ्यांपुढे असलेल्या मराठी पिढीला हा अनुभव नवा नाही. भीती आणि तिच्यातून सुटका या दोन्हींची नोंद मेंदूत एकत्र झाली, आणि आज हवी असते ती ही जोडी.

ज्यांची सुटका झाली नाही, ते मात्र या गप्पांत सहसा सामील होत नाहीत. क्रिस्टन हॅरिसन आणि कॅन्टर यांनी १९९९ मध्ये १५३ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या भीतीबद्दल विचारलं. ९० टक्क्यांना असा अनुभव आठवला, आणि सुमारे २६ टक्क्यांच्या मनात त्याची धाकधूक अजून शिल्लक होती. त्या काळाचे पालक काहीच म्हणत नव्हते, हेही खरं नाही. १९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याच वेशात ‘सेसमी स्ट्रीट’वर आल्या, तेव्हा पालकांच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि तो भाग पुन्हा दाखवला गेला नाही. ब्रिटनमध्ये ‘वॉटरशिप डाउन’ या सशांच्या रक्तबंबाळ चित्रपटाला १९७८ मध्ये सर्वांसाठी योग्य असं प्रमाणपत्र मिळालं होतं. चाळीसहून अधिक वर्षांनी परीक्षण मंडळाने ते बदलून पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याचं केलं.

आता तिशीतले आईबाप आपल्या मुलांना करेज दाखवू पाहतात. दाखवायला हरकत नाही, पण आपण तो कितव्या वर्षी पाहिला होता हे आधी आठवावं. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना ही चित्रं कशी घडवतात हे समजावून सांगितलं की धीर येतो. त्याहून लहान मुलांना ‘हे खोटं असतं रे’ म्हणून फारसा उपयोग होत नाही, असं कॅन्टर यांचं काम सांगतं. त्यांना जवळ घेणं, हातात काहीतरी खायला देणं, नाहीतर सरळ टीव्ही बंद करणं जास्त उपयोगी पडतं. तेव्हा मूल शेजारी बसवून बघा, रिमोट हाताशी ठेवा, आणि मूल नको म्हणालं तर ‘आम्ही नाही का घाबरलो?’ असं न विचारता बंद करा.