कंप वयाचा की औषधाचा?

साठी ओलांडलेल्या माणसाचा हात थरथरू लागला, अक्षर बारीक होत गेले, धनादेशावरील सही बँकेतील नमुन्याशी जुळेनाशी झाली, की घरची मंडळी वयाला दोष देऊन मोकळी होतात. कोणी जाणता असेल तर ‘कंपवात असावा’ असे म्हणतो. दोन्ही तर्क खरे असू शकतात. परंतु त्याआधी विचारायचा एक प्रश्न बहुधा राहूनच जातो: गेल्या काही महिन्यांत कोणते नवे औषध सुरू झाले?

आपल्या हालचालींत सुसूत्रता राखण्याचे काम मेंदूतील डोपामिन हे द्रव्य करते. काही औषधे त्याच्या कार्यात अडथळा आणतात. मानसिक विकारांवरील अनेक औषधांचा हा गुणधर्म १९५० च्या दशकापासून वैद्यकाला ठाऊक आहे. मात्र त्याच जातीची औषधे पोटाच्या आणि चक्करच्या गोळ्यांतही असतात, हे सामान्य कुटुंबांना सहसा माहीत नसते. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, चक्करवरील प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन आणि फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची नावे. लेव्होसल्पिराइड तर पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. घेणाऱ्याला ती साधी ‘ॲसिडिटीची गोळी’ वाटते.

दिवसभर गल्ल्यावर बसणे, जेवणाच्या अवेळा आणि उधारीची चिंता यांमुळे व्यापारी घरांत पित्ताचा त्रास नवा नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली कॅप्सूल जुन्या चिठ्ठीवर वर्षभर येत राहते. दुकानातला मुलगा पाकीट आणून देतो आणि कोणी काही विचारत नाही. अपाय होतो तो बहुतेकदा या न विचारण्यातून.

चार रूपे

पहिले रूप अचानक येते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मान एका बाजूस वळते, डोळे वर जातात, जबडा आवळला जातो. मुलांत व तरुणांत हे अधिक आढळते. घरचे लोक त्याला फिट समजतात, क्वचित बाहेरची बाधाही. रुग्णालयात योग्य इंजेक्शन मिळाल्यास बहुधा काही मिनिटांत आराम पडतो.

दुसरे रूप अस्वस्थतेचे. पाय स्थिर राहत नाहीत आणि एका जागी बसवत नाही. वर्षानुवर्षे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक शांतपणे करणारी व्यक्ती दहा मिनिटांत उठू लागली, तर मन लागत नाही असे म्हणून तिला बोल लावू नये. हीच अस्वस्थता मूळ आजार वाढल्याचे लक्षण समजून मात्रा वाढवली गेली, तर त्रासही वाढतो.

तिसरे रूप हुबेहूब कंपवातासारखे असते: मंद चाल, ताठर हातपाय, भावहीन चेहरा, थरथर. ते काही आठवड्यांत वा महिन्यांत हळूहळू उमटते. कारण वेळीच ओळखून डॉक्टरांनी औषध थांबवले, तर बहुतेकांत ते काही आठवडे ते महिन्यांत ओसरते. कारण न ओळखल्यास मात्र एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध सुरू होते.

चौथे रूप उशिरा येणारे आणि सर्वांत चिवट. ओठ चाळवणे, जीभ बाहेर येणे, तोंडात काही नसताना चघळल्यासारखी हालचाल होणे ही त्याची खूण. औषध बंद केल्यावरही ते कायम राहू शकते. वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही यांना त्याचा धोका अधिक. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली मेटोक्लोप्रामाइडच्या वेष्टनपत्रिकेवर ठळक इशारा सक्तीचा केला आणि बारा आठवड्यांहून अधिक काळ ते देणे टाळण्यास सांगितले. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये ही मर्यादा पाच दिवसांवर आणली.

उपवास आणि लिथियम

प्रत्येक थरथर डोपामिनशी निगडित नसते. दम्यावरील साल्ब्युटामॉल, फिट्सवरील व्हॅलप्रोएट, थायरॉइडच्या गोळीची जादा मात्रा यांनीही हात कापतो. लिथियमचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे करायला हवा. शरीरातील पाणी घटले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते. हाताचा कंप तीव्र होतो, तोल जातो आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. त्यामुळे लिथियम घेणाऱ्याने निर्जळ चौविहार उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. चौविहारासाठी रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेतली जात असेल, तर तेही त्यांना सांगावे.

औषधांची खतावणी

लक्षण दिसताच घाबरून औषध स्वतः बंद करणे धोक्याचे आहे. फिट्सचे औषध एकाएकी थांबले तर फिट उलटते, मानसिक विकाराचे थांबले तर आजार उसळतो. मात्रा कमी करायची, बदलायची की थांबवायची, हा निर्णय डॉक्टरांचाच. मान वळणे, जबडा आवळणे किंवा श्वासास त्रास होणे असे काही घडल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुटुंबाने करायचे काम नोंदीचे आहे आणि व्यापारी घराला ते शिकवावे लागू नये. प्रत्येक व्यक्तीसाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर औषधातील घटकांची नावे, मात्रा, सुरू व बंद केल्याची तारीख, कोणी दिले आणि लक्षण प्रथम कधी दिसले, एवढे लिहावे. हालचालीचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, कारण तपासणीच्या वेळी ती नेमकी थांबलेली असू शकते. दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. रुग्ण वा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तेथे माहिती देऊ शकतात.

या पानावरून एक नोंद मात्र अनेक घरांत जाणूनबुजून गाळली जाते. सोयरीक अडेल, बाजारात बोलबाला होईल, या धास्तीने मानसिक आजाराची गोळी दुसऱ्या डॉक्टरांपासूनही लपवली जाते. मग मेंदूविकारतज्ज्ञ अपुऱ्या माहितीवर निदान करतात आणि कंपवात नसलेल्या माणसावर कंपवाताचे उपचार सुरू होण्याची वेळ येते. चारचौघांत सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांना मात्र प्रत्येक गोळी सांगितलीच पाहिजे.