पस्तीस अडथळे आणि न्यूटनचा हिशेब

आधी थोडी आकडेमोड. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अविनाश साबळेने ५००० मीटर अंतर १३ मिनिटं २१.०९ सेकंदांत कापून रौप्यपदक घेतलं. सेकंदाला सरासरी ६.२४ मीटर. जुलै २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमधला स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडून ८ मिनिटं ९.९१ सेकंद अशी वेळ दिली. तिथला सरासरी वेग ६.१२ मीटर. अंतर दोन हजार मीटरनं कमी, आणि वेगही कमी! हांगझोऊच्या वेगानं तो ३००० मीटर धावला असता तर जवळपास नऊ सेकंद वाचले असते, आणि नुसतं सपाट ३००० मीटर धावायचं असेल तर कुणीही पाच हजारच्या वेगापेक्षा जोरातच धावतो. हे सेकंद गेले कुठे, हे नववीच्या विज्ञानातल्या ‘गतीचे नियम’ या धड्यावरून सांगता येतं.

स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी, एकूण पस्तीस. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. इथला होत नाही. हे जाडजूड लाकडी धूड ८० ते १०० किलोचं असतं. पाय आपटला तर पडायचं ते धावपटूनं.

टीव्हीसमोर बसून आपण म्हणतो, ‘उडी मारताना वेळ गेला.’ खरं तर हवेत असताना धावपटूचा पुढचा वेग जवळजवळ तसाच राहतो. त्याला मागे ओढायला हवेचा किरकोळ विरोध सोडला तर काहीच नसतं, आणि बळ लागलं नाही तर वेग बदलत नाही, हा पहिला नियम. नुकसान होतं ते उडीच्या आधी आणि नंतर. वर जायचं तर पाय शरीराच्या थोडा पुढे रोवावा लागतो. जमीन त्याला वर ढकलते, पण त्याच वेळी मागेही ढकलते. पुढच्या वेगातला थोडा वाटा असा मोडून वरच्या वेगात घालावा लागतो. उतरतानाही तेच, पुढे पडलेला पाय ब्रेक लावतो.

म्हणून उंच उडी हा इथं दोष आहे. साठ किलोच्या धावपटूनं आपला गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर वर उचलला तर सुमारे १७५ ज्यूल ऊर्जा खर्च होते आणि तो सेकंदाला २.४ मीटर वेगानं खाली येतो. ४० सेंटिमीटर उचलला तर खर्च २३५ ज्यूल, आणि खाली येण्याचा वेग २.८. चांगला खेळाडू अडथळ्याला जेमतेम चाटून जातो. तेव्हा त्याचे हात पाहा. हवेत टेकायला काही नसल्यामुळे एक पाय ज्या दिशेनं फिरवला त्याच्या उलट बाकीचं शरीर फिरायला बघतं. पुढे झेपावलेल्या पायाचा तोल विरुद्ध बाजूचा हात सावरतो. तिसरा नियम शरीराच्या आतल्या आतही चालतो.

घोळक्यात धावताना समोरचा अडथळा शेवटच्या क्षणी दिसतो. मग पावलं आखूड करावी लागतात, वेग मोडतो आणि तो पुन्हा कमवावा लागतो. साबळे पुष्कळदा पुढे निघून एकटा धावतो. वारा अंगावर घ्यावा लागतो हे खरं, पण पुढचा रस्ता मोकळा दिसतो. हांगझोऊत स्टीपलचेसचं सुवर्ण त्याने असंच घेतलं, ८ मिनिटं १९.५० सेकंदांत.

आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळा सुमारे सहा किलोमीटरवर, पायी नाहीतर धावत. बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका. धावण्याकडे वळला तेव्हा वजन वाढलेलं होतं, ते त्यानं तीन महिन्यांत २० किलोनं उतरवलं. बळ तेवढंच आणि वस्तुमान कमी, तर त्वरण जास्त: दुसरा नियम. वीस किलो म्हणजे पाण्याचा एक भरलेला जार. तो पाठीवर घेऊन पस्तीस अडथळे ओलांडून बघावेत! २०१८मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याआधी २०१६मध्ये माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली होती. दोन दुष्काळी तालुके, आणि खेळ पाण्यावरून उडी मारण्याचा. योगायोगच म्हणायचा, पण मोठा खट्याळ.

खरी परीक्षा त्या पाण्याचीच. खड्डा ३.६६ मीटर लांब. अडथळ्यालगत सर्वांत खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी, आणि पाण्याचा विरोध हवेच्या कितीतरी पट असतो, म्हणून पुढे पडण्यात फायदा. त्यासाठी बहुतेक पुरुष धावपटू आडव्या तुळईवर एक पाय टेकवतात आणि तिला मागे ढकलतात. तीही तेवढ्याच बळानं धावपटूला पुढे ढकलते, आणि हलत नसल्यामुळे त्याची मेहनत वाया जात नाही. तुळई डगमगती असती तर ढकलण्यातली थोडी ऊर्जा तिला हलवण्यातच खर्च झाली असती.

उतरण्याचं गणित मात्र कठोर आहे. गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटर खाली आला असं धरलं तर जमिनीला टेकताना खालच्या दिशेचा वेग सेकंदाला चार मीटर होतो. साठ किलोचं शरीर हा वेग एक दशांश सेकंदात थांबवू पाहील तर पायावर स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार येतो. गुडघा वाकवून तो वेळ दोन दशांश केला की भार तिपटीवर उतरतो. संवेग तेवढाच, फक्त थांबायला वेळ जास्त. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो त्यातही हेच कारण, पण त्याला अंदाज घ्यायला सवड असते. इथं ओला पाय, एका पायावरचं उतरणं, शेजारी आणखी दहा-बारा जण, आणि हे सात वेळा.

बर्मिंगहॅमला २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंदांत पोचला, साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. १९९८ ते २०१८ या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. ती मक्तेदारी मांडव्याच्या पोरानं मोडली. पाच शतांश सेकंद म्हणजे त्या सरासरी वेगानं तीस सेंटिमीटर, जेमतेम एक फूट. पस्तीसपैकी एखाद्याच अडथळ्यावर वेग जरा जास्त मोडला तरी तेवढा फरक पडतो.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोचला, ही कामगिरी करणारा पहिला भारतीय पुरुष, आणि अकरावा आला. पुढच्या वर्षी, जुलै २०२५मध्ये, मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली. हा अस्थिबंध मांडीच्या आणि नडगीच्या हाडांना एकमेकांवरून सरकू देत नाही. पाऊल जमिनीत रुतून थांबतं, वरचं शरीर मात्र सेकंदाला सहा मीटरच्या वेगानं पुढे जातच राहतं. दोन्हींच्या मधली सगळी ओढाताण गुडघ्याला सोसावी लागते.