बालकांतील अग्न्याकर्षण

ज्योत, ठिणगी व जळणारे पदार्थ यांविषयी बालकांना वाटणारी ओढ आणि त्या ओढीपायी अग्नीशी खेळण्याचे अथवा हेतुपुरस्सर आग लावण्याचे त्यांच्याकडून घडणारे वर्तन. अग्नीविषयीचे कुतूहल ही स्वतः विकृती नव्हे. लहान वयातच ते प्रकट होते आणि बहुसंख्य निरोगी मुलांत ते आढळते. तथापि काडी ओढण्याचे कौशल्य मुलाच्या हाती लवकर येते, तर आगीच्या परिणामांची जाण पुष्कळ उशिरा येते. या दोहोंतील अंतर हेच धोक्याचे मूळ होय. पलंगाखाली, कपाटाआड किंवा कडब्याच्या गंजीजवळ गुपचूप ओढलेली एक काडी काही मिनिटांत घर पेटवू शकते. शिक्षेच्या भयाने लपून बसलेले मूल कित्येकदा स्वतःच त्या आगीत सापडते. म्हणून अशा वर्तनाकडे खोडी म्हणून दुर्लक्ष करणे आणि ते भावी गुन्हेगारीचे चिन्ह समजून मुलास झोडपणे, हे दोन्ही मार्ग घातक ठरतात.

ऐतिहासिक आढावा : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन वैद्यांनी अल्पवयीनांनी, विशेषतः घरकामास ठेवलेल्या ग्रामीण मुलींनी, लावलेल्या आगींचा विचार केला व त्यांचा संबंध यौवनारंभीच्या शारीरिक बदलांशी जोडला. फ्रेंच वैद्य शार्ल मार्क यांनी १८३३ मध्ये आग लावण्याच्या अनिवार प्रेरणेची गणना एकविषयोन्मादात केली. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १९३२ मधील एका निबंधात अग्नीवर मानवाने मिळविलेल्या ताब्याचा मनोविश्लेषणाच्या दृष्टीने अर्थ लावला. हेलन यार्नेल यांनी १९४० मध्ये आग लावणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला व पुढे नोलन ल्यूइस यांच्यासह १९५१ मध्ये या विषयावरील विस्तृत ग्रंथ लिहिला.

जे. एम. मॅक्डॉनल्ड यांनी १९६३ मध्ये अंथरुणात लघवी होणे, प्राण्यांशी क्रूरपणे वागणे आणि आग लावणे या तीन लक्षणांचा पुढील हिंसक वर्तनाशी संबंध सुचविला. ही त्रयी लोकप्रिय झाली. परंतु नंतरच्या संशोधनातून तिला भक्कम आधार मिळाला नाही. ही लक्षणे बहुधा घरातील छळ, उपेक्षा व ताण यांची द्योतक असतात, असे आता मानले जाते. तेव्हा काडेपेटीशी खेळणाऱ्या मुलावर भावी खुन्याचा शिक्का मारण्यास शास्त्रीय आधार नाही.

प्रकार : कारणांनुसार या वर्तनाचे स्थूलमानाने चार प्रकार केले जातात. (१) कुतूहलजन्य : यात सामान्यतः लहान मुले येतात. हेतू केवळ पाहण्याचा असतो. आग पसरताच मूल घाबरते. (२) ताणजन्य : आईवडिलांची फारकत, घरातील मृत्यू, मारहाण, लैंगिक छळ किंवा शाळेतील अपमान यांमुळे आलेले दुःख व राग शब्दांत सांगता न येणारे मूल ते आगीच्या रूपाने व्यक्त करते. (३) समाजविरोधी : किशोरवयीन मुले सोबत्यांच्या संगतीने किंवा सूड म्हणून आग लावतात, चोरी, शाळा चुकविणे इ. वर्तनही सोबत आढळते. (४) विकृतिजन्य : आग लावण्यापूर्वी वाढता ताण व लावल्यानंतर सुख वा सुटका वाटते. हा आग लावण्याचा खरा उन्माद होय. तो मुलांत अत्यंत विरळा आढळतो. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार सूड, लाभ किंवा राग यांपोटी लावलेली आग या निदानात मोडत नाही. गंभीर हानी करण्याच्या हेतूने आग लावणे हे मात्र वर्तनविकृतीच्या निकषांपैकी एक आहे.

सामाजिक पार्श्वभूमी : मानवशास्त्रज्ञ डॅनियल फेसलर यांनी २००६ मध्ये असे प्रतिपादन केले, की जेथे अग्नी रोजच्या वापरात असतो, तेथे मुले मोठ्यांच्या सान्निध्यात त्याची हाताळणी शिकतात आणि पौगंडावस्थेपूर्वीच त्यांचे आकर्षण ओसरते, जेथे अग्नी नजरेआड गेला आहे, तेथे ते लांबते. हा विचार महाराष्ट्रासही उद्बोधक आहे. चुलीपाशी बसून जाळ सारणारे मूल विस्तव आपोआप ओळखू लागे. गॅसच्या शेगडीमुळे स्वयंपाकघर पुष्कळ सुरक्षित झाले, परंतु हे शिक्षण आता हेतुपूर्वक द्यावे लागते. होळी व दिवाळी या सणांत मुलांचा आगीशी थेट संबंध येतो. न उडालेले फटाके गोळा करून त्यांतील दारू कागदावर काढून पेटविण्याचा खेळ विशेष घातक असून त्यामुळे डोळे, चेहरा व बोटे यांना गंभीर इजा होतात.

उपाययोजना : प्रथम घटनेची शांतपणे चौकशी करावी. काय पेटविले, कशाने पेटविले, असे किती वेळा घडले, मूल एकटे होते की सोबत्यांसह, आग भडकल्यावर त्याने कोणास हाक मारली की ती लपविली आणि त्या दिवसांत घरात काय चालले होते, या प्रश्नांच्या उत्तरांवरून वरीलपैकी प्रकार ठरविता येतो. पुन:पुन्हा, लपून किंवा रागाच्या भरात आग लावणाऱ्या आणि माणसे, प्राणी वा स्वतःचे शरीर जाळू पाहणाऱ्या मुलास विनाविलंब बालमानसचिकित्सकाकडे न्यावे.

दुसरा उपाय साधने दूर ठेवण्याचा होय. काडेपेटी, सिगारेट पेटविण्याचे लायटर, रॉकेल व पेट्रोल ही कुलुपात ठेवावीत; काडेपेटी देवघरात किंवा ओट्यावर मुलाच्या हाती लागेल अशी नसावी. अमेरिकेत १९९४ पासून लायटर बालरोधक असण्याचे बंधन आले. चाचणीत पाच वर्षांखालील किमान ८५% मुलांना ते पेटविता येता कामा नयेत, असा दंडक आहे. त्यानंतर या वयाच्या मुलांकडून लायटरमुळे लागणाऱ्या आगींत निम्म्याहून अधिक घट झाल्याचे २००२ मधील अभ्यासात आढळले.

तिसरा उपाय शिक्षणाचा. डेव्हिड कोल्को यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात अग्निसुरक्षेचे पद्धतशीर शिक्षण आणि विचार व वर्तन यांवरील उपचार हे दोन्ही, अग्निशामक जवानाने घरी दिलेल्या एखाद्या भेटीपेक्षा अधिक परिणामकारक ठरले. समई वा निरांजन लावण्यासारखे काम मुलास मोठ्यांच्या देखत, ठराविक वेळी करू द्यावे; सापडलेली काडेपेटी मोठ्यांकडे आणून दिल्यास त्याची प्रशंसा करावी. ताणजन्य प्रकारात घटना, त्या वेळची भावना व कृती यांचा आलेख मुलासोबत काढण्याचे तंत्र १९८३ मध्ये पुढे आले. त्यामुळे रागाची पूर्वसूचना ओळखून दुसरा मार्ग निवडण्यास मूल शिकते.

काही रूढ उपाय त्याज्य होत. मुलास चटका देणे ही क्रूरता असून तीमुळे वर्तन थांबण्याऐवजी गुप्त होते. कंटाळा येईपर्यंत काड्या ओढावयास लावण्याचा प्रयोग १९७० च्या सुमारास काही चिकित्सकांनी केला होता. परंतु तीमुळे कौशल्य व चटक वाढण्याचा संभव असल्याने ही पद्धत आता शिफारसयोग्य मानीत नाहीत.

आग लागल्यास वस्तू वाचविण्यात वेळ न घालविता बाहेर पडावे व १०१ या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे, हे मुलास सरावाने शिकवावे. कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर झोपून लोळावे. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. त्यावर बर्फ, तूप, शाई वा टूथपेस्ट लावू नये.

कायदा : भारतात १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील बालकाची कोणतीही कृती अपराध ठरत नाही, सात ते बारा वर्षांच्या दरम्यान कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी प्रगल्भता नसल्यास तेच तत्त्व लागू होते. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बाल न्याय मंडळापुढे येतात. ‘आग लावलीस तर पोलीस धरून नेतील’ अशी धमकी त्यामुळे लहान मुलांच्या बाबतीत खरी नसते. शिवाय तिचा धसका घेतलेले मूल आग लागताच हाक मारण्याऐवजी लपते. काय घडले ते न भिता सांगता येईल असा विश्वास मुलास घरात वाटणे, हाच या बाबतीत सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय.