‘आइसब्रेकर’बद्दल वाचक काय म्हणतात

इंग्लंडच्या हॅना ग्रेस यांची ‘आइसब्रेकर’ ही कादंबरी २०२२ मध्ये आली आणि टिकटॉकवरच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. फिगर स्केटर अनास्तासिया आणि आइस हॉकी संघाचा कर्णधार नेथन यांना सरावासाठी एकच रिंक वाटून घ्यावी लागते. तिथून प्रेम जुळते. नेथनचा समंजसपणा, प्रत्येक वेळी तिची संमती विचारणे वाचकांना विशेष भावते. तिच्या खाण्यावर नजर ठेवणारा स्केटिंगमधला जोडीदार एरन मात्र संताप आणतो. पुस्तक लांबते, हॉकी नावापुरतीच येते, ही नेहमीची तक्रार. ती रास्तच, कारण सामन्यांपेक्षा पार्ट्याच जास्त. गोड चित्राच्या मुखपृष्ठाला भुलून किशोरवयीन मुलांसाठी ती घेणारे पालक आतली उघड शृंगारवर्णने पाहून दचकतात.